पापुद्रा

रस्त्याच्या कामावरचं ग्रेडर मशीन शिकायला लागलो तेव्हा पहिले पंधरा दिवस उस्तादांनी मला लिव्हरला हातच लावू दिला नाही. केबिनमध्ये त्यांच्या मागं अंग चोरून उभं राहायचं, वरचा दांडा धरायचा आणि ते मधेच विचारणार, "बोल, कौनसा चक्का चढा?" मी मान बाहेर काढून खाली बघायला गेलो की ओरडा पडायचा. "नीचे मत देख. पैर से बता." सकाळी गार असताना चप्पलसुद्धा काढायला लावायचे. केबिनचा पत्रा कायम थरथरत असतो, त्यात इंजिनची थरथर वेगळी आणि जमिनीची वेगळी असं त्यांचं म्हणणं, मला दोन्ही एकच वाटायच्या. नऊ-दहा दिवसांनी एकदा मी म्हणालो, पुढचं डावं, आणि ते बरोबर निघालं. उस्ताद काहीच बोलले नाहीत. दुपारी जेवताना मात्र स्वतःच्या डब्यातली अर्धी लिट्टी त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

२०१० च्या आसपासची गोष्ट. पुणे-सोलापूर हायवेचं चौपदरीकरण चालू होतं, बारावीनंतर मी घरीच होतो, गावातला एक दादा त्या साईटवर टँकर चालवायचा, त्याच्या ओळखीनं हेल्पर म्हणून चिकटलो. हेल्पर म्हणजे ग्रीस मारायचं, डिझेलची नोंद ठेवायची, काचा पुसायच्या, उस्तादांचं पाणी भरायचं आणि बघायचं. आता ठिकठिकाणी ट्रेनिंग सेंटर झालीत, सिम्युलेटरवर शिकवतात, सर्टिफिकेट देतात, चांगलंच आहे ते, पण आमच्या वयाचे जवळजवळ सगळे ऑपरेटर असेच कुणाच्या तरी मागं उभं राहून शिकलेत.

ग्रेडर तुम्ही बघितलेला असतो, फक्त नाव माहीत नसतं. रस्त्याचं काम चालू असलं की तिथं एक पिवळं लांबुडकं मशीन असतं, नाकतोड्यासारखं, पुढं कुठंतरी लांब दोन चाकं, मागं इंजिनखाली चार, आणि मधल्या मोकळ्या जागेत बारा फुटी वाकडं पातं. मोठ्या मशीनला चौदा फुटी. जेसीबी खड्डा काढत असला की माणसं तासतास उभी राहून बघतात, पोकलेनचं तर लहान पोरांना वेडच असतं. ग्रेडरपाशी कुणी थांबत नाही, कारण बघायला काही होतच नाही. मशीन पुढं जातं, मागं येतं, परत पुढं जातं, आणि माती होती तिथंच असते. पण तेवढ्यात दोन बोटं जाडीचा थर डावीकडनं उजवीकडं गेलेला असतो, आणि दिवसभराचं काम म्हणजे तेवढंच असतं.

पातं मधेच का, हे मला फार उशिरा समजलं. डोझरचं पातं पुढं असतं, त्यामुळं डोझर उंचवट्यावर चढला की पातं वर, खड्ड्यात उतरला की खाली, म्हणजे जी जमीन सरळ करायची तिच्याच तालावर ते नाचतं. ग्रेडरचं पातं पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध लटकलेलं. पुढची चाकं चार बोटं चढली तर मधल्या पात्याला साधारण निम्माच हिसका बसतो, मागची चार चाकं तर तराजूच्या दांडीसारखी हलतात, त्यामुळं मागचा हिसका अजूनच कमी होतो. जमिनीची निम्मी खोडी मशीनची लांबीच जिरवते. उरलेली ऑपरेटरनं जिरवायची, म्हणजे चाक चढतंय असं पायाला कळलं की त्याच क्षणी पातं तेवढंच दाबायचं, उतरतंय म्हणलं की तेवढंच उचलायचं. विचार करून दाबायला गेलं की उशीर झालेलाच असतो, तोवर मशीन तीन फूट पुढं गेलेलं असतं. म्हणून उस्ताद खाली बघू देत नव्हते.

आणि हे सगळं सात-आठ लिव्हर सांभाळत. पात्याचं डावं टोक वर-खाली, उजवं टोक वर-खाली, पातं गोल फिरवायचं, बाजूला सरकवायचं, पुढं-मागं कलवायचं, मशीनची कंबर वाकवायची, पुढची चाकं तिरकी करायची. नवीन मशीनमध्ये दोन जॉयस्टिक आल्या, काहींना तर स्टिअरिंगच नाही, मनगटावर सगळं चालतं. उस्ताद जुन्या लिव्हरचे, तेही उभं राहून चालवणारे, कारण बसलं की पात्याचं टोक पुरतं दिसत नाही. दहा-दहा तास उभं. त्यांची पावलं कायम सुजलेली असायची, रात्री कॅम्पवर मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायचे.

ती तिरकी चाकं बघून लोकांना वाटतं मशीनचा आक्सल मोडलाय. एकदा हायवेवर एका कारवाल्यानं गाडी थांबवून काळजीनं सांगितलं होतं, तुमचं चाक निखळलंय. त्याचं असं आहे की पातं तिरकं लावून माल उजवीकडं ढकलला की माल मशीनला डावीकडं रेटतो, मग चाकं उजवीकडं कलवायची म्हणजे मशीन सरळ राहतं. बाईनं कळशी कमरेवर घेतली की ती उलट बाजूला कलते तसं. ही युक्ती १८८५ मध्ये अमेरिकेत इंडियानाच्या जे. डी. ॲडम्स नावाच्या माणसानं काढली, तेव्हा ग्रेडरला इंजिन नव्हतं, जनावरं जुंपायचे. स्वतःच्या इंजिनवर चालणारा आजच्यासारखा ग्रेडर कॅटरपिलरनं १९३१ मध्ये आणला. हे मी मोबाईलवर वाचलं तेव्हा मला आमची केणी आठवली. बैलाच्या मागं केणी लावून आण्णा, म्हणजे माझे वडील, उंचवट्याची माती ओढून खोलगटात टाकायचे, आणि मी पुढं बैलांपाशी असायचो. म्हणजे आमच्या घरात हे काम आधीपासून होतंच.

आण्णांबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आमची जमीन बार्शी तालुक्यात, काळी, विहिरीवर मोटर, आणि लाईट बहुतेक वेळा रात्रीची. त्यामुळं दारं धरायची, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी सोडायचं, ते रात्री. मी बॅटरी घेऊन बरोबर, आण्णा खोरं घेऊन वाफ्यात. मी बॅटरी मारली की म्हणायचे, बंद कर ती, डोळ्यावर येतंय. अंधारात अनवाणी उभं राहून त्यांना कळायचं की पाणी शेवटाला पोचलं का, मधे कुठं रेंगाळतंय का, बांध फुटून शेजारच्या वाफ्यात शिरलंय का. पायाला. मी विचारलं कसं कळतं, तर म्हणाले, पाणी कुठं चाललंय ते घोट्याला समजतं. तेव्हा ते मला नुसतं एक वाक्य वाटलं होतं. उस्तादांनी चप्पल काढायला लावली त्या दिवशी त्याचा अर्थ लागला. दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत, एक आझमगडकडचे, एक बार्शीचे, पण माझ्या डोक्यात दोघं शेजारी शेजारीच असतात.

कारण रस्ता म्हणजे शेवटी पाण्याचंच काम आहे. रस्ता सपाट असतो असं आपल्याला वाटतं, तो सपाट असून चालतच नाही. मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतार पाहिजे, त्याला कॅम्बर म्हणतात, डांबरी रस्त्याला साधारण अडीच टक्के. सात मीटर रुंद रस्ता धरला तर मधनं कडेपर्यंत साडेतीन मीटर, त्याचे अडीच टक्के म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटर. साडेतीन मीटरमध्ये पावणेनऊ सेंटिमीटर, डोळ्याला दिसतही नाही, पण पाण्याला पुरतो. आणि हा उतार वरच्या डांबरात काढायचा नसतो, तो अगदी खालच्या मातीपासून प्रत्येक थरात तसाच न्यावा लागतो. सगळ्यात खाली भराव, त्यावर अर्ध्या मीटरचा सबग्रेड, तो बऱ्याचदा चांगल्या मुरमाचा, त्यावर जीएसबी म्हणजे जाड खडी-मुरमाचा थर, त्यावर डब्ल्यूएमएम म्हणजे पाणी घालून घोळलेल्या खडीचा थर, मग डांबराचे थर. ग्रेडरचं काम डांबराच्या आधी संपतं. डब्ल्यूएमएमसुद्धा आता बऱ्याच साईटवर पेव्हर नावाच्या थर पसरायच्या मशीननंच टाकतात. म्हणजे आम्ही जे करतो ते पूर्ण झाल्यावर कुणालाच दिसत नाही, आम्हालाही नाही.

पण मोजलं जातं, आणि कसून मोजलं जातं. सर्व्हेअर ऑटोलेव्हल म्हणजे उंची मोजायची दुर्बीण लावून बसतो, हेल्पर स्टाफ म्हणजे आकड्यांची उंच पट्टी घेऊन दर दहा मीटरला उभा राहतो, मधोमध, कडेला, पलीकडच्या कडेला, आणि तिकडनं आवाज येतो, "दो कट", "एक फिल", "ओके". खुंटीवर खूण, जमिनीवर फक्कीनं आकडा. सबग्रेडला वर २० मिलिमीटर आणि खाली २५ मिलिमीटर एवढीच सूट असते, जीएसबीला वर १० आणि खाली २०. म्हणजे चौदा-पंधरा टनाचं मशीन आणि चूक करायला जागा बोटाच्या एका पेराएवढी. शिवाय माती मोकळी असताना लेव्हल लावायची आणि ती बघणार कधी, तर रोलर फिरून दाबल्यावर. पंचवीस सेंटिमीटर मोकळा मुरूम दाबून वीसच्या आसपास बसतो, पण तो रोज सारखा बसत नाही, खाण बदलली की बदलतो, पाणी कमीजास्त झालं की बदलतो. म्हणून चांगला ऑपरेटर सकाळी आधी मशीनवर चढत नाही. खाली उतरून मूठभर मुरूम घेतो आणि दाबतो. लाडू वळला आणि अंगठ्यानं दाबल्यावर दोन तुकडे झाला तर पाणी बरोबर. वळलाच नाही तर टँकर बोलवा. हाताला चिकटला तर आज उन्हात पसरून ठेवा, घाई करू नका. लॅबवाले नंतर येऊन त्यांच्या पद्धतीनं तपासतातच, सबग्रेड ९७ टक्के दाबला गेला पाहिजे वगैरे, ते पाहिजेच, पण मुठीनं एवढ्या वर्षांत मला कधी फार चुकवलेलं नाही.

वेगाचंही तसंच. फिनिशिंगला मशीन चालत्या माणसाच्या वेगानं न्यायचं. नवीन पोरं घाई करतात, गिअर वाढवतात, आणि एका ठिकाणी मशीन टायरवर जरा उसळतं. उसळलं की पातं तिथं लाट सोडतं. पुढच्या फेरीला चाकं त्या लाटेवर चढतात, परत उसळतात, आणि लाट आणखी मोठी होते. चार फेऱ्यांत पन्नास मीटरचा पत्र्यासारखा नालीदार रस्ता तयार. तेव्हा एकच उपाय, वेग तोडायचा, पातं जरा जास्त तिरकं करायचं, थोडं खोल जाऊन ती लाट मुळापासून कापायची आणि नव्यानं सुरू करायचं. उस्ताद त्याला म्हणायचे, जमीन ने तेरी चाल पकड ली.

एकदा आण्णा साईटवर आले होते. सोलापूरला दवाखान्यात आले होते, येता येता मला बघायला उतरले. त्या दिवशी माझा स्वतःचा, म्हणजे उस्ताद सुट्टीवर असताना मी एकट्यानं केलेला, पहिला दोनशे मीटरचा सबग्रेड पास झाला होता. संध्याकाळची उन्हं तिरकी पडलेली, अशा उन्हात लेव्हलची प्रत्येक चूक सावली टाकते, आणि एकही सावली नव्हती. आण्णा बघत राहिले. मग पायातलं पायताण काढून त्यावर चालले, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि मधोमध ओतली. मी म्हणणार होतो की दाबलेल्या सबग्रेडवर पाणी ओतू नका, पण तोंडातनं शब्द फुटला नाही. पाणी थोडं जिरलं, उरलेलं कडेकडं निघालं, सावकाश, सरळ. आण्णा उकिडवे बसून त्याच्यासोबत सरकत गेले. कडेला आल्यावर म्हणाले, "निघालं की रं. पण इथनं जाणार कुठं?"

कडेला काही नव्हतं. गटार नंतर करायचं होतं, ते नेहमीच नंतर करायचं असतं. पलीकडं एका शेतकऱ्याची तूर उभी होती.

हा प्रश्न माझ्या डोक्यातनं पुढं कधीच गेला नाही. रस्ता जमिनीपेक्षा उंच होतो तेव्हा तो एक बांधच असतो, ओढ्यावर मोरी टाकतात पण शेताशेतातनं वाहणारं बारीक पाणी अडतं, आणि मग एका बाजूच्या शेतात पाणी तुंबतं. रस्त्याच्या कडेचं पाणी वाहून गेलं नाही तर ते मुळाशी मुरतं. आणि आपली काळी माती कशी आहे ते तुम्हाला माहीतच आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर कितीही सरळ रस्ता टाका, ती वर्षातनं एकदा उठून बसणार आणि एकदा खाली जाणार. म्हणून चांगल्या कामात ती ठरलेल्या खोलीपर्यंत काढून मुरूम भरतात किंवा चुना मिसळून तिला शांत करतात. पण गटाराला पैसे शेवटी, वेळ शेवटी, आणि लक्षही शेवटी. खरं तर मातीचं गटार ग्रेडर एका दिवसात भरपूर लांबीचं काढून देतो, पातं तिरकं उभं करून एक टोक खाली घातलं की व्हीसारखा चर पडत जातो, आमच्यासाठी ते सोपं काम आहे. मी प्रत्येक साईटवर सांगतो. कधी ऐकतात.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. उस्ताद गावी परत गेले होते, मी एका दुसऱ्या काँट्रॅक्टरकडं लागलो होतो, मराठवाड्यातला एक रस्ता, दुपदरी. कंपनीचं नाव घेत नाही आणि रस्त्याचंही. पगार दोन महिने थकलेला, पावसाळा तोंडावर, वरून दट्ट्या की जून लागायच्या आत जीएसबी पुढं न्या म्हणजे बिल निघेल. संध्याकाळी साडेसहाला सर्व्हेअरनं लेव्हल घेतली आणि साठएक मीटरचा पट्टा डावीकडं तीन-साडेतीन सेंटिमीटर कमी भरला. चूक माझी नव्हती असं म्हणणार नाही, दुपारी ऊन्हानं डोकं धरलं होतं आणि त्या भागात मी एक फेरी जास्त कापली होती.

अशा वेळी काय करायचं हे प्रत्येक ऑपरेटरला माहीत असतं. दाबून झालेल्या थरावर पातळ भर टाकून लेव्हल आणायची नाही, कधीच नाही. म्हणून आम्ही नेहमी थोडं उंच ठेवून कापत खाली येतो, कापलेली जमीन घट्टच राहते. जर कमी झालंच तर रिपर म्हणजे मशीनचे उकरायचे दात लावून वरचा आठ-दहा सेंटिमीटरचा थर उकरायचा, त्यात नवीन मुरूम मिसळायचा, पाणी मारायचं, घोळायचं, परत लावायचं, परत दाबायचं. साठ मीटरला अर्धा दिवस. वरनं नुसता तीन सेंटिमीटर बारीक मुरूम पसरला तर रोलरखाली तो गुळगुळीत होतो, लेव्हल पास होते, पण तो खालच्या थराला धरत नाही. दोन्हीच्या मधे नुसती फट राहते, तिथं पाणी शिरलं की चिखल.

इन्चार्ज म्हणाले, सकाळी सातला हायवा डंपर लागणार आहेत, आता उकरत बसलो तर उद्याचा दिवस गेला, बारीक माल टाकून घे. मी म्हणालो, साहेब, धरणार नाही. ते म्हणाले, वरनं वीस सेंटिमीटर जीएसबी येणार आहे, काय होतंय. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यांच्याही घरी पगार पोचला नव्हता, त्यांचाही फोन दर दहा मिनिटांनी वाजत होता. मी परत बोललो नाही. हेडलाईट लावली आणि दोन तासांत तो पट्टा भरून दिला. हात चांगला बसलेला होता, लेव्हल पहिल्याच फटक्यात पास.

सकाळी सहाला मी एकटाच तिथं गेलो. दव पडलं होतं का टँकरची ओल होती माहीत नाही, पट्टा असा तुकतुकीत दिसत होता की फोटो काढावा. मी बुटाची टाच रोवून जरा तिरकी दाबली. आणि एक चकती वर आली. तळहाताएवढी, कडेला पातळ, मधे जरा जाड, अखंड. टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा बोटानं उचलावा तशी. खाली कालचा घट्ट मुरूम, कोरडा, त्यावर रोलरच्या ड्रमचा चकचकीत वळ तसाच. दोन थर एकमेकांना शिवलेसुद्धा नव्हते. मी ती चकती हातात घेऊन उभा होतो, लांब हायवाचे लाईट दिसायला लागले होते. मी ती परत जागेवर बसवली आणि बुटानं दाबली.

नऊ वाजेपर्यंत सगळं झाकलं गेलं होतं.

त्यानंतर मी बऱ्याच साईट केल्या. समृद्धीच्या एका पॅकेजवर होतो, विदर्भात, ७०१ किलोमीटरचा तो महामार्ग, त्यातले काही किलोमीटर माझ्या पात्याखालनं गेलेत ह्याचा मला आनंद आहे. तिथं उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला जायचा, केबिनला एसी होता म्हणून निभावलं. २०२२ च्या ११ डिसेंबरला नागपूर ते शिर्डी खुला झाला, आम्ही तेव्हा दुसरीकडं होतो, मोबाईलवर बघितलं. तो वरनं काँक्रीटचा आहे, पण त्याच्याखालीही मुरूम आहे आणि त्या मुरमाखाली भराव. नंतरच्या एका कामावर मला ३डी मशीन कंट्रोलवाला ग्रेडर मिळाला. पात्यावर खांब, केबिनमध्ये स्क्रीन, डिझाइन आतच भरलेलं, पातं आपोआप वर-खाली होतं, स्क्रीनवर मिलिमीटर दिसतात. खुंट्या नाहीत, फक्की नाही. पहिल्या दिवशी मला कसंतरीच झालं, पण खोटं कशाला बोलू, मशीन चांगलं काम करतं, आणि मुख्य म्हणजे पात्याच्या मागं-पुढं पळणारी पोरं कमी होतात. माझ्याच मशीनच्या मागं एकदा स्टाफ धरणारा पोरगा खुंटीपाशी बसला होता आणि मी रिव्हर्स घेत होतो, दिवसातला निम्मा वेळ आम्ही रिव्हर्समध्येच असतो, रोलरवाल्यानं जीव खाऊन हॉर्न वाजवला म्हणून थांबलो. मागचं टायर आणि तो, मधे चार फूट. तेव्हापासून माझ्या मशीनमागं माणूस असेल तर मी हलवतच नाही, कुणी कितीही ओरडो. असा एक पोरगा जरी स्क्रीनमुळं वाचला तरी त्या स्क्रीनचे पैसे फिटले. फक्त माझ्या हाताखाली शिकणाऱ्या हेल्परला मी अजूनही स्क्रीनवर कापड टाकून विचारतो, सांग, कुठलं चाक चढलं.

पापुद्र्याची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सांगून काय सांगणार, आणि कुणाला. पण गावी यायचा माझा एक रस्ता तिथनंच जातो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्या जागी डावीकडं डांबर जरा बसल्यासारखं वाटायला लागलं. मग भेग. मग खड्डा, बुजवला, परत खड्डा. डावीकडं गटार कधी झालंच नाही, त्यामुळं पाणी तिथंच थांबतं, जड ट्रक जातात, म्हणजे कारणं बरीच काढता येतील. पण जागा तीच, बाभळीपासून मोरीपर्यंत, साठ मीटर. मोरीच्या पुढं रस्ता अजून चांगला आहे. तिथनं एसटीनं गेलो की मी झोपलेला असलो तरी जागा होतो.

गेल्या जुलैमध्ये सुट्टीला गाडीवरनं येत होतो. पाऊस थांबून अर्धा तास झाला असेल. बाभळीपाशी आलो तर डावीकडं पोटरीएवढं पाणी साठलेलं, पुढचा टेम्पो वळसा घालून पार उजवीकडं गेला आणि समोरनं येणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं कसंबसं सावरलं. मी पुढं गेलो. मोरीपाशी थांबलो. गाडी स्टँडला लावून चालत मागं आलो.

बघितलं तर रस्त्याच्या कडेची मातीची साईडपट्टी डांबरापेक्षा चांगली वीतभर उंच झाली होती, वर्षानुवर्षांचा गाळ, गवत, त्यामुळं पाण्याला उतार असूनही बाहेर जायला वाटच नव्हती. पलीकडं दहा फुटांवर मोरीकडं जाणारा ओहोळ वाहत होता. हातात काही नव्हतं. बूट काढून गाडीपाशीच ठेवले होते. एक टोकदार दगड मिळाला, त्यानं गवताची मुळं तोडली आणि बाकीचं टाचेनं. माती भिजलेली होती, निघत होती. वीतभर रुंद चर, आधी बाहेरच्या बाजूनं काढत आणला, शेवटचा डांबरालगतचा बांध राखून, दारं मोडताना राखतात तसा. मग तो टाचेनं फोडला.

पाणी आधी नुसतं चरात येऊन उभं राहिलं. गढूळ, त्यावर डिझेलचा तवंग. मग हळूच पुढं सरकलं, गवताच्या काड्या घेऊन, आणि एकदा ओहोळाला टेकल्यावर जोरात ओढलं गेलं. मी रस्त्यावर पाण्यात उभा राहिलो. घोट्याला ते कळत होतं, कुठनं कुठं चाललंय. वीस मिनिटांत घोटा उघडा पडला, आणि खाली खड्ड्याचा तळ दिसायला लागला, डांबर नव्हतं, खडी नव्हती, पिवळसर मऊ चिखल. मी वाकून चिमूटभर घेतला. बारीक मुरूम होता.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. आण्णा ओसरीवर बसले होते, त्यांना आता डोळ्यानं कमी दिसतं. मी पायऱ्या चढलो तर पायाकडं बघून, का वासानं, म्हणाले, "कुठं दारं धरून आलास रं?"

मी तिथंच खाली बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं, त्या साठ मीटरपासून.